वित्तीय व्यवस्थापन : वाणिज्य पदवीचा प्रारंभिक अभ्यासक्रम

धंद्याला लागणारा पैसा कुठून उभा करायचा, तो कशात घालायचा आणि झालेल्या नफ्यातला किती वाटून किती धंद्यातच ठेवायचा, या तीन निर्णयांचा अभ्यास. हिशेबशास्त्र झालेल्या व्यवहाराची नोंद ठेवते; वित्तीय व्यवस्थापन अजून न झालेल्या व्यवहाराचा विचार करते. बी.कॉम., बी.बी.ए. आणि एम.बी.ए. या तिन्ही अभ्यासक्रमांत हा विषय असतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या विषयाचे स्वरूप वर्णनात्मक होते. कंपनी कशी काढावी, रोखे कसे विकावेत, दोन कंपन्यांचे विलीनीकरण किंवा एखादीचे दिवाळे कसे निस्तरावे, एवढ्यावर भर असे. जोएल डीन यांच्या भांडवली अंदाजपत्रकावरील पुस्तकाने (१९५१) गुंतवणुकीचा निर्णय मध्यभागी आणला. हॅरी मार्कोविट्झ यांनी १९५२ मध्ये जोखमीचे गणित मांडले. फ्रँको मोदिल्यानी आणि मर्टन मिलर यांनी १९५८ मध्ये असे दाखवले की कर आणि दिवाळखोरीचा खर्च नसलेल्या आदर्श बाजारात कर्ज व भागभांडवल यांचे प्रमाण बदलून कंपनीचे मूल्य बदलत नाही. प्रत्यक्षात कर असतो आणि दिवाळेही निघते, त्यामुळे वर्गातली खरी चर्चा या सिद्धांताच्या अटींपासूनच सुरू होते. भारतात पदवी पातळीवरच्या वाणिज्य शिक्षणाची वाट मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयाने १९१३ मध्ये उघडली. इंग्रजी पाठ्यपुस्तकांत आय. एम. पांडे आणि प्रसन्न चंद्र यांची नावे विद्यार्थ्यांच्या तोंडी असतात.

हा विषय ग्रामीण भागात कसा शिकवावा, ते वऱ्हाडातल्या एका गावावरून पाहू. अमरावती–नागपूर महामार्गावरचे तिवसा हे तालुक्याचे गाव संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रात येते. या विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ रोजी झाली. त्याआधी इथली महाविद्यालये नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. इथला वाणिज्याचा विद्यार्थी बहुधा कापूस, सोयाबीन, तूर किंवा संत्रा पिकवणाऱ्या घरातून येतो. पुस्तकातले उदाहरण मात्र शेअर बाजारात नोंदलेल्या मोठ्या कारखान्याचे असते. हे अंतर शिक्षकाने भरून काढले तर विषय चटकन कळतो, नाहीतर सूत्रे पाठ होतात आणि परीक्षेनंतर विरतात.

म्हणूनच वऱ्हाडात या विषयाची सुरुवात खेळत्या भांडवलापासून, म्हणजे रोजच्या व्यवहारात फिरणाऱ्या पैशापासून, व्हावी. पाठ्यपुस्तकांत हे प्रकरण बहुधा शेवटाकडे येते आणि वेळ संपत आल्यामुळे उरकले जाते. इथल्या धंद्याचा श्वास मात्र तिथेच आहे. जिनिंगचा कारखाना घ्या. दसरा-दिवाळीपासून कापसाच्या गाड्या दारात लागतात. शेतकऱ्याला चुकारा, म्हणजे कापसाचे पैसे, लगेच द्यावा लागतो, गाठी विकल्याचे पैसे सूतगिरणीकडून सवडीने येतात. समजा जिनवाल्याने ५०० क्विंटल कापूस ७,००० रुपये भावाने घेतला. ३५ लाख रुपये गेले. शेकडा ३४ उतारा धरला तर १७० क्विंटल रुई निघते, म्हणजे १७० किलोच्या बरोबर १०० गाठी. सरकी तेलाच्या गिरणीला लवकर विकली जाते. ते पैसे वजा केल्यावर २५ लाख अडकले असे धरू. वर्षाला १२ टक्के व्याजाने ४५ दिवसांचे व्याज सुमारे ३७,००० रुपये होते, गाठीमागे ३७० रुपये. गिरणीने तेच पैसे ९० दिवसांनी दिले तर गाठीमागे ७४० रुपये. भाव तोच, उतारा तोच. उशिरामुळेच गाठीमागे ३७० रुपये नफ्यातून गेले. हे गणित फळ्यावर एकदा मांडले की ‘रोख चक्र’ ही संज्ञा वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

बँक या चक्राला पैसा देते, पण सगळा देत नाही. १९७४ मध्ये नेमलेल्या टंडन समितीने साठा आणि येणी किती असावीत याचे उद्योगनिहाय निकष सुचवले. चालू मालमत्तेच्या २५ टक्के रक्कम ऋणकोने दीर्घ मुदतीच्या पैशातून आणावी, ही तिने सुचवलेल्या पद्धतींपैकी दुसरी पद्धत १९७९ च्या चोरे समितीने उचलून धरली. ही सूत्रे पुढे बंधनकारक राहिली नाहीत, पण स्वतःचा हिस्सा मागण्याची बँकेची सवय त्यातूनच पक्की झाली.

पैशाचे कालमूल्य हे दुसरे मोठे प्रकरण. गावातली सवाई आणि दिढी यांवरून ते शिकवता येते. पेरणीला घेतलेले धान्य सुगीला सव्वापट परत करायचे, म्हणजे सुमारे सहा महिन्यांत २५ टक्के. चक्रवाढीने वर्षाला ५६.२५ टक्के. दीडपट परत करण्याच्या दिढीत तोच दर १२५ टक्क्यांवर जातो. आजोबांनी तोंडी मान्य केलेल्या व्यवहाराचा वार्षिक दर नातवाने वहीत काढला की त्याला आपल्या घराच्या कर्जाचा इतिहास वेगळ्या डोळ्यांनी दिसतो.

गुंतवणुकीच्या निर्णयासाठी निव्वळ वर्तमान मूल्याची पद्धत शिकवतात. पुढे येणारा प्रत्येक रुपया आजच्या किमतीला आणून त्यातून आजचा खर्च वजा करायचा. संत्र्याची बाग त्यासाठी उत्तम उदाहरण आहे: खड्डे, कलमे, ठिबक आणि पाण्याचा खर्च आधी, फळ काही वर्षांनी. १२ टक्के दराने सहाव्या वर्षी मिळणाऱ्या एक लाखाची आजची किंमत ५०,६६३ रुपये, जवळजवळ निम्मी. घातलेला पैसा किती वर्षांत परत येतो एवढेच मोजणारी परतफेड कालावधीची सोपी पद्धत ही घट पाहत नाही, म्हणून तिच्या एकटीवर भागत नाही.

विषयाचे ध्येय पुस्तकात ‘भागधारकाची संपत्ती वाढवणे’ असे दिलेले असते. तिवसा परिसरातल्या संस्थांना ते जसेच्या तसे लागू पडत नाही. सहकारी जिनिंग संस्थेचा भाग बाजारात विकता येत नाही, एका सभासदाला एकच मत असते आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादा आहे. २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात आलेल्या उत्पादक कंपनीचेही तसेच. तिचे भाग शेअर बाजारात विकता येत नाहीत आणि सभासदाला मिळणारा बोनस त्याने कंपनीला किती माल दिला यावर ठरतो. अशा संस्थेत शेतकऱ्याला जास्त भाव द्यावा की नफा दाखवून राखीव निधी वाढवावा, हाच लाभांश धोरणाचा प्रश्न होतो.

१९७२ मध्ये महाराष्ट्र सरकारने सुरू केलेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेने हा प्रश्न राज्यभर मांडला. शेतकऱ्याला आधी हमीभावाने चुकारा आणि हंगामाअखेर विक्रीचा हिशेब लागल्यावर शिल्लक असेल तर बोनस, अशी तिची रचना होती. बाजारभाव पडले तर तूट कोणी सोसायची आणि तेजीच्या वर्षी किती बाजूला ठेवायचे, हे प्रश्न या योजनेच्या ताळेबंदात शेवटपर्यंत राहिले. अभ्यासक्रमातल्या जोखीम आणि राखीव निधीच्या प्रकरणांना विदर्भात यापेक्षा मोठे उदाहरण सापडत नाही. तरीही ते अजून वर्गात फारसे वापरले जात नाही.