ग्वांटानामोचा दावा आणि कायद्याचे विद्यार्थी

वैद्यकीय महाविद्यालयाचा विद्यार्थी रुग्णाची नाडी हातात धरून शिकतो, हे आपण जाणतो. कायद्याचा विद्यार्थी मात्र नुसती कलमे पाठ करतो, अशी आपल्याकडील अनेक पालकांची समजूत आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठात कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक निराळा वर्ग चालतो. त्याला 'क्लिनिक' म्हणतात, आणि शब्दही वैद्यकातूनच घेतलेला आहे. तेथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली विद्यार्थी मानवी हक्कांची खरीखुरी प्रकरणे हाताळतात. त्यांतील एका प्रकरणाचा हा इतिहास.

३० सप्टेंबर १९९१ रोजी कॅरिबियन समुद्रातील हैती देशात लष्कराने लोकनियुक्त अध्यक्ष आरिस्टीड यांना पदच्युत केले. दडपशाहीच्या भयाने हजारो लोक होड्यांतून निघाले. अमेरिकन तटरक्षक दलाने त्यांना भर समुद्रात अडवून क्युबातील ग्वांटानामोच्या नाविक तळावर नेले. हा तळ १९०३ पासून अमेरिकेकडे भाडेपट्ट्याने आहे. ज्यांची भीती चौकशीत सकारण ठरली, त्यांना आश्रयाचा अर्ज करण्यासाठी अमेरिकेत नेण्यात येई. परंतु त्यांपैकी एड्सच्या विषाणूची लागण झालेले व त्यांचे नातलग असे सुमारे तीनशे जण काटेरी तारेआडच राहिले. त्यांची पुन्हा मुलाखत ठरली, तीही वकिलाविना!

मार्च १९९२ मध्ये प्राध्यापक हॅरॉल्ड को व वकील मायकेल रॅटनर यांच्यासह या विद्यार्थ्यांनी ब्रुकलिनच्या न्यायालयात दावा दाखल केला. सरकारचे म्हणणे असे की, ग्वांटानामो ही अमेरिकेची भूमी नव्हे, सबब तेथे अमेरिकन संविधानाचे संरक्षण नाही. म्हणजे पहारा अमेरिकेचा, कुलूप अमेरिकेचे, कायदा मात्र कोणाचाच नाही. विद्यार्थी मित्रांनो, या युक्तिवादावर जरूर विचार करावा.

सह्या वकिलांच्या असत, पण जुने निवाडे धुंडाळणे, मसुदे तयार करणे ही कामे विद्यार्थी करीत. पुढे तळावर प्रवेश मिळाला, तेव्हा क्रिओल भाषेच्या दुभाष्यांमार्फत त्यांनी बंदिवानांच्या हकीकती ऐकल्या. गणवेशधाऱ्यांच्या प्रश्नांना विटलेल्या माणसांचा विश्वास संपादन करणे, हा धडा कोणत्याच पाठ्यपुस्तकात नसतो. जानेवारी १९९३ मध्ये बंदिवानांनी उपोषण आरंभले. त्याच महिन्यात क्लिंटन अध्यक्ष झाले होते. निवडणुकीत त्यांनी हैतीच्या लोकांना परत पाठवण्याच्या धोरणावर कडक टीका केली होती; सत्तेवर येताच तेच धोरण त्यांनी चालू ठेवले.

८ जून १९९३ रोजी न्यायाधीश स्टर्लिंग जॉन्सन यांनी बंदिवानांच्या सुटकेचा आदेश दिला आणि त्याच महिन्यात ते अमेरिकेत पोहोचले. दाव्याचा दुसरा भाग मात्र २१ जून रोजी सर्वोच्च न्यायालयात आठ विरुद्ध एक मतांनी फेटाळला गेला. निर्वासितांना छळाच्या तोंडी परत न धाडण्याचे बंधन भर समुद्रात लागू नाही, असा तो निर्णय होता. एकट्या न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी विरोधी मत नोंदवले. जॉन्सन यांचा निकालही पुढे तडजोडीने रद्दबातल ठरला. माणसे सुटली, पण पुढील दाव्यांना आधार म्हणून तो निकाल उरला नाही.

जानेवारी २००२ पासून त्याच तळावर दहशतवादाच्या संशयाखाली पकडलेले कैदी आणले जाऊ लागले, आणि सरकारने पुन्हा तोच जुना युक्तिवाद पुढे केला. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य करून या कैद्यांना न्यायालयात दाद मागता येते असे ठरवले. त्या लढ्यात रॅटनर यांची संस्था पुन्हा उभी होती.