मेली तर वीर, जगली तर संशयित : आन्ना येगोरोव्हाची गोष्ट

दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत महिला वैमानिक म्हटलं की बहुतेकांना 'नाइट विचेस' आठवतात. मरीना रास्कोवाच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९४१ मध्ये स्त्रियांच्या तीन हवाई रेजिमेंट उभ्या राहिल्या, त्यांतली ही एक. पण काही जणी पुरुषांच्या रेजिमेंटमध्येही उडत होत्या. आन्ना येगोरोव्हा त्यांपैकी. तिचं शौर्य मोठं आहेच. पण माझ्यासारख्या कागद वाचणाऱ्याला जास्त बोलकं वाटतं ते सरकारदरबारी तिचं पुढे जे झालं ते.

मॉस्कोच्या मेट्रोच्या बांधकामावर काम करताना आन्ना तिथल्याच फ्लाइंग क्लबमध्ये विमान चालवायला शिकली. पुढे उल्यानोव्स्कच्या वैमानिक शाळेत निवड झाली. पण भावाला 'जनतेचा शत्रू' ठरवून अटक झाली आणि हिला शाळेतून काढून टाकलं. म्हणजे संशय तिच्या मागे युद्धाच्या आधीपासूनच लागलेला होता. तरी ती खेरसोनला जाऊन प्रशिक्षक झालीच.

युद्ध सुरू झाल्यावर आधी तिच्याकडे यू-२ आलं: लाकूड आणि कापडाचं, बिनशस्त्र विमान. त्यातून निरोप आणि माणसं पोहोचवायची. मग ८०५व्या रेजिमेंटमध्ये ती इल-२ चालवू लागली. हे विमान रणगाड्यांवर आणि खंदकांवर अगदी खालून हल्ला करायचं, त्यामुळे जमिनीवरून होणारा सगळा मारा त्याच्यावर. वैमानिकाभोवती जाड चिलखत असायचं, मागे बसणारा तोफची मात्र त्या चिलखताच्या बाहेर. आन्नाच्या मागे बसायची येव्दोकिया नाझारकिना.

ऑगस्ट १९४४ मध्ये वॉर्सॉच्या दक्षिणेला त्यांचं विमान पाडलं गेलं. नाझारकिना ठार झाली. आन्ना गंभीर भाजलेल्या अवस्थेत जर्मनांच्या हाती लागली. रेजिमेंटला वाटलं, दोघीही गेल्या. घरी आईला मृत्यूची सूचना गेली आणि आन्नाला मरणोत्तर 'सोव्हिएत संघाचा वीर' किताब द्यावा अशी शिफारस झाली.

आन्ना मात्र कूस्ट्रिनच्या युद्धकैदी छावणीत होती. स्वतः कैदी असलेले डॉक्टर गिओर्गी सिन्याकोव्ह यांनी तिला वाचवलं. बरोबरच्या नर्सने तिची पदकं आणि पक्षाचं कार्ड लपवून ठेवलं. ३१ जानेवारी १९४५ रोजी सोव्हिएत रणगाडे छावणीत शिरले. सुटका झाली असं वाटावं, तर तिला 'स्मेर्श' या लष्करी प्रतिगुप्तचर खात्याने ताब्यात घेतलं. दहा-एक दिवस चौकशी चालली. जपून ठेवलेली पदकं आणि कार्डच आता अडचणीचं ठरलं: जर्मनांच्या कैदेत हे तुझ्याकडे राहिलंच कसं?

यामागे एका चौकशी अधिकाऱ्याची लहर नव्हती. ऑगस्ट १९४१ च्या २७० क्रमांकाच्या हुकुमाने शरण जाणारे अधिकारी पळपुटे ठरत होते आणि त्यांच्या कुटुंबीयांनाही अटक होऊ शकत होती. बेशुद्ध होऊन पकडलं जाणं आणि हात वर करणं, यांतला फरक कैदेतून आलेल्यालाच सिद्ध करून दाखवावा लागायचा. मेलेल्या आन्नाला किताब मिळू शकत होता. जिवंत परतलेल्या आन्नाचा तो अडला.

उलट बाजू बघायची तर लिडिया लित्व्याक बघा. ही लढाऊ विमानाची वैमानिक १ ऑगस्ट १९४३ च्या उड्डाणावरून परतली नाही. मृतदेह सापडला नाही, म्हणून नोंद झाली 'बेपत्ता'. बेपत्ता म्हणजे कदाचित कैदेत, आणि कदाचित कैदेत म्हणजे कदाचित फितूर. तिला वीर किताब मिळाला १९९० साली, गोर्बाचेव्हच्या काळात.

आन्नाला तो मे १९६५ मध्ये मिळाला. मधल्या वीस वर्षांत तिच्या कामगिरीत काही भर पडली नव्हती. बदललं होतं ते सरकार. स्टालिन गेल्यावर १९५६ मध्ये माजी युद्धकैद्यांवरच्या अन्यायाची अधिकृत कबुली आली आणि अशा माणसांबद्दल उघडपणे लिहिता येऊ लागलं.

म्हणून सन्मानांच्या याद्या वाचताना मी आता दोन तारखा शेजारी-शेजारी लिहितो: कामगिरीची आणि किताबाची. कामगिरीची तारीख वैमानिकाबद्दल सांगते. दोन्हींमधलं अंतर मात्र तिच्याबद्दल फारसं काही सांगत नाही, ते सांगतं तिच्या सरकारबद्दल.