धूर, सफरचंद आणि आईचं न फुललेलं झाड

मागच्या महिन्यात आई पुण्याला माझ्याकडे आली होती. गॅलरीत चहा पिता पिता म्हणाली, "अरे, चार वर्षं झाली, याला फूल नाही की फळ नाही. कशाला जागा अडवून ठेवलीयस?"

'हे' म्हणजे माझं एक्मिया. राखाडी-हिरवी पट्टेदार पानं, मधोमध पेल्यासारखा खळगा. मूळचं ब्राझीलचं, ब्रोमेलिअड कुळातलं, म्हणजे अननसाचं चुलत भावंड. अननस आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणला, आणि शब्दही त्यांच्याच जहाजातून आला, मुळात दक्षिण अमेरिकेतल्या तुपी लोकांचा. जहांगीर बादशहाने आठवणींत लिहून ठेवलंय की फिरंग्यांच्या बंदरांतलं हे फळ आग्र्याच्या त्याच्या बागेत दरवर्षी हजारोंनी येतं. पण आजची गोष्ट आग्र्याची नाही. धुराची आहे.

अटलांटिक महासागरात अझोरस नावाची पोर्तुगालची बेटं आहेत. तिथल्या साऊं मिगेल बेटावरून इंग्लंडला संत्री जायची. एकोणिसाव्या शतकात संत्र्यांवर रोग पडला आणि शेतकरी अननसाकडे वळले. हवा तेवढी गरम नाही, म्हणून काचेची घरं बांधली. अडचण एकच होती. प्रत्येक झाड आपल्या मर्जीने फुलायचं. आमच्या ऑफिसमध्ये प्रत्येक जण आपापल्या वेळेला कोड मर्ज करतो, तसंच!

सांगतात, की एकदा अशाच एका काचघरात कुणाच्या तरी हातून धूर कोंडला. आता पीक गेलं, असं सगळ्यांना वाटलं. झालं उलटंच. झाडं एकदम फुलली. बग निघाला फीचर! तेव्हापासून तिथे काचघर बंद करून, पालापाचोळा जाळून, मुद्दाम धूर करतात. आजही.

धुरात नेमकं काय होतं, हे कळायला बराच वेळ लागला. १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गला नेल्युबोव्ह नावाच्या विद्यार्थ्याने दाखवलं की दिव्याच्या गॅसमधल्या एथिलीनमुळे वाटाण्याची रोपं वाकडी होतात. १९३२ मध्ये पोर्तो रिकोतून संशोधन आलं, की अननस फुलवणारा धुरातला घटकही एथिलीनच. आणि १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यांनी सिद्ध केलं की पिकणारं सफरचंद स्वतःच हा वायू सोडतं. म्हणजे काचघर नको, आग नको. फळवाल्याकडचं एक सफरचंद पुरे.

पद्धत सोपी आहे. झाड पूर्ण वाढलेलं हवं, पिल्लावर प्रयोग करू नका. पेल्यातलं पाणी ओतून टाकायचं, कुंडीशेजारी पिकलेलं सफरचंद ठेवायचं आणि दोन्ही मोठ्या पारदर्शक पिशवीत आठ-दहा दिवस बांधून ठेवायचं. उन्हात नाही, नाहीतर आत झाड शिजेल. पिशवी काढल्यावर दीड-दोन महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा, दांडा दिसतो.

एरवीची काळजीही कमीच. मुळं मुख्यतः धरून ठेवायला, त्यामुळे काळी माती नको. नारळाच्या सोडणाचे तुकडे, थोडा कोळसा, भरपूर उजेड. पेल्यातलं पाणी मात्र दर चार दिवसांनी बदला. डासांच्या अळ्या झाल्या तर पालिकेचे लोक दारात येतील, आणि त्यांचं बरोबरच असेल.

हे सगळं वाचून मी सफरचंद आणलं, आणि मग ते चार दिवस फ्रीजमध्येच ठेवलं. कारण एक्मिया एकदाच फुलतं. जिथून नवी पानं येतात तिथूनच दांडा निघतो, मग वाढ थांबते आणि वर्ष-दोन वर्षांत मूळ झाड वाळतं. पहिल्या पगारातून आणलेलं झाड मी स्वतःच्या हाताने संपवायचं? फक्त फोटोसाठी?

आईला फोनवर सांगितलं. आई रावेरकडची, केळीच्या मुलखातली. ती हसली. "केळीचं वेगळं असतं का? घड दिला की केळ संपते. बुडाशी मुनवे असतात ना, ते लावायचे." मग म्हणाली, "आणि धुराचं तू मला काय सांगतोस? बाबा बंद खोलीत धूर करूनच केळी पिकवायचे."

म्हणजे तोच वायू. आमच्या आजोबांच्या खोलीत.

आज पिशवीचा सहावा दिवस आहे. आतून बाष्प धरलंय, सफरचंदाचा वास येतोय. दांडा आला तर फोटो टाकतो. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.