शाकारणी

२०२४च्या एप्रिलअखेरीस आमच्या सोलापूरच्या घरात जिन्याखाली, जिथे एरवी माझी जुनी सायकल असते, तिथे बोटीची एक मोटर येऊन उभी राहिली. आउटबोर्ड मोटर, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवतात ती. ९.९ हॉर्सपॉवर, फोर स्ट्रोक, वय पाच महिने. मालक माझे मामा. करमाळा तालुक्यात उजनीच्या काठावर ते मासे धरतात. मासळी घेऊन येणाऱ्या पिकअपमधून, गोणपाटावर निजवून त्यांनी ती आणली आणि कंपनीचं इंग्रजी पुस्तक माझ्या हातात दिलं.

"तू विंजिनेर हायस ना? मग वाच ह्ये."

माझी डिग्री मेकॅनिकलची आहे आणि नोकरी सॉफ्टवेअरची. आमच्या बॅचमधले निम्मे असेच आहेत. पण मामांना हे सांगून उपयोग नव्हता. त्यांची आधीची सेकंडहँड मोटर एका उन्हाळ्यात तशीच पडून राहिली होती, टाकीत पेट्रोल, पात्यांना चिखल. पुन्हा पाणी आलं तेव्हा ती सुरूच झाली नाही. ही नवी मोटर मामीचं गंठण गहाण ठेवून घेतलेली.

पुस्तकात 'विंटरायझेशन' नावाचं प्रकरण होतं. हिवाळ्यात मोटर बंद ठेवण्याआधी काय करायचं, त्याची पंधरा पानं. मी वाचून दाखवलं की आत पाणी राहिलं तर ते गोठतं, गोठताना साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं आणि लोखंडालाही तडा देतं.

"आरं, बरफ कुठनं यायचा हितं?" मामा म्हणाले. बाहेर पारा बेचाळीसच्या वर होता.

बर्फ आला कुठून, याचं उत्तर मोटरच्या जन्मात आहे. ओल इव्हिनरूड हा नॉर्वेत जन्मलेला माणूस अमेरिकेतल्या मिलवॉकीत यंत्रं बनवायचा. गोष्ट अशी सांगतात की होणाऱ्या बायकोसाठी तो वल्हवत तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणायला गेला आणि परत येईस्तोवर ते वितळलं. आइस्क्रीम खरं असो-नसो, १९०९ साली त्याची दीड हॉर्सपॉवरची मोटर बाजारात आली आणि चालली. धंद्याची बाजू बायको बेस सांभाळायची. विस्कॉन्सिनची तळी थंडीत गोठतात, त्यामुळे तिथे मोटर दर वर्षी काही महिने घरात येणारच. तिची देखभाल शिकवणारं पुस्तक त्या हवेत लिहिलं गेलं आणि तसंच्या तसं करमाळ्यात आलं.

आमचा हिवाळा उन्हाळ्यात येतो. भीमेवरचं उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, पण त्यातला ६३ टीएमसीहून जास्त 'मृत'. म्हणजे कालव्यांच्या दारांच्या खालचा. त्यामुळे या धरणाची एक अजब भाषा तयार झाली आहे. उपयुक्त साठा संपला की शून्य टक्के, आणि त्याखाली 'मायनस'. सोलापूर जिल्ह्यातलं शेंबडं पोरही सांगतं, "उजनी मायनस वीसला गेलं." जगात इतर कुठे धरणात शून्यापेक्षा कमी पाणी असतं का, असं मला एकदा बंगळुरूच्या सहकाऱ्याने गंभीरपणे विचारलं होतं. २०२३चा पाऊस कमी झाला, म्हणून ते वर्षाच्या सुरुवातीलाच मायनसमध्ये गेलं आणि पुढे उणे साठच्या आसपास उतरलं. मामांची होडी चिखलात बसली. पळसदेवचं एरवी बुडालेलं जुनं देऊळ उघडं पडलं आणि लोक तिथे रील बनवायला जाऊ लागले.

'विंटरायझेशन'ला मराठी शब्द काय, हे शोधताना मी कोकणात पोचलो. तिथे पावसाआधी होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी नाहीतर प्लॅस्टिकने झाकतात, त्याला म्हणतात होडी शाकारणं. घर शाकारतात तशीच होडी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला सरकारी बंदी आली ती फार नंतर. समुद्र बंद व्हायचा आणि नारळी पौर्णिमेला उघडायचा, हे त्याच्या कितीतरी आधीपासूनचं.

मराठ्यांचं आरमारसुद्धा शाकारलं जायचं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात, आरमाराच्या पावसाळी छावणीवर मजकूर आहे. समुद्र खवळायच्या आधीच छावणी करावी, दर वर्षी एकाच बंदरात करू नये, बंदर बंदोबस्ताचं पाहावं. मला हे वाचून गंमत वाटली. राज्य कसं चालवावं हे सांगणाऱ्या ग्रंथात, उभी असलेली जहाजं कशी सांभाळावीत याला जागा आहे. लढाया सगळ्यांना आठवतात. जहाजं वर्षातले तीन-चार महिने नुसती उभी असायची, हे शाळेच्या पुस्तकात कुठे असतं?

त्या तीन-चार महिन्यांनी इतिहासही ढकललाय. एप्रिल १७५५मध्ये कमोडोर जेम्सने तुळाजी आंग्रेंचा सुवर्णदुर्ग घेतला, पण पाऊस तोंडावर होता. विजयदुर्गाचा हल्ला लांबला. तो फेब्रुवारी १७५६मध्ये झाला, तोवर वॉटसन आणि क्लाइव्ह येऊन मिळाले होते. किल्ल्याच्या आसऱ्याला आंग्रेंची गलबतं जवळजवळ उभी होती. एकाला आग लागली आणि ती सगळ्यांवर पसरली. पेशव्यांनी इंग्रजांना साथ दिली होती, हा भाग आपण भरभर वाचून पुढे जातो. मीही तेच करतो.

तर जिन्याखालची मोटर. पहिलं काम, ती स्वच्छ पाण्यात चालवून आतला गाळ काढायचा. मोटर बाहेरचं पाणी ओढून स्वतःला थंड करते. ते ओढणारा रबरी पंखा कोरडा फिरला तर थोड्याच वेळात खराब होतो, म्हणून ती पाण्यात बुडवूनच चालवायची. त्यासाठी टिपाड लागतं. आमच्याकडे टिपाड होतं, पण भरलेलं आणि आईच्या ताब्यात. सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. तेही उजनीतूनच, शंभराहून जास्त किलोमीटर पाइपातून.

"दादा, तुझ्या इंजिनाला आंघोळ आणि आम्ही पारोसे," आई म्हणाली. तिने दिलं टिपाड, पण पाणी यायच्या दिवशी पहाटे. दहा मिनिटं मोटर त्यात भडभडली, गल्ली जागी झाली, पाण्यावर तेलाचा तवंग आला. तुळशीला घालायलाही आईने ते पाणी घेतलं नाही.

मग पेट्रोलची नळी काढून मोटर आपोआप बंद पडेपर्यंत चालवली, कार्ब्युरेटरच्या तळाचा स्क्रू उघडून उरलेलं पेट्रोल काढलं. हे आता पूर्वीपेक्षा जास्त गरजेचं झालंय. पेट्रोलमधलं इथेनॉल हवेतली ओल ओढतं, आणि इथेनॉल आमच्याच जिल्ह्यातल्या उसापासूनही बनतं. तो ऊस पुन्हा उजनीच्या पाण्यावर. प्लग काढून आत थोडं तेल सोडलं, दोरी हळूहळू ओढून ते सिलिंडरभर पसरू दिलं. इंजिन ऑइल बदललं.

शेवटी खालच्या गिअरचं तेल. नव्या मोटरचं कशाला बघायचं, असं मामा म्हणाले आणि मलाही तसंच वाटत होतं. पुस्तक सांगत होतं म्हणून स्क्रू काढला. तेल यायला हवं होतं तिथून दुधाळ चहासारखं काहीतरी आलं. गिअरमध्ये पाणी शिरलं होतं.

पंखा उतरवला. मागे दांड्याभोवती तंगूस गुंडाळलेला, कुणाच्यातरी जाळ्यातला, घट्ट, सुरीने कापावा लागला. त्याने सील कापलं होतं. विस्कॉन्सिनमध्ये हे पाणी गोठून गिअरची पेटी फुटली असती, म्हणून त्या लोकांनी हे तेल बघायचा नियम केला. आमच्याकडे ते शांतपणे तीन-चार महिने गिअर गंजवत राहिलं असतं. मामा बराच वेळ त्या तुकड्याकडे बघत राहिले. "माझंच जाळं असंल," म्हणाले.

सील पुण्याहून मागवलं, यायला तीन आठवडे लागले. तोवर मोटर जिन्याखालीच. २१ मेला संध्याकाळी वादळ आलं आणि कुगावहून कळाशीला निघालेली बोट उजनीत उलटली. सहा माणसं गेली, त्यात लहान मुलं. धरण झालं तेव्हा काठावरची गावं पाण्याने तोडली, तेव्हापासून करमाळा-इंदापूरचे लोक असेच बोटीने ये-जा करतात; रस्त्याने डिकसळच्या जुन्या रेल्वे पुलाला वळसा पडतो. मामांनी त्या पाण्यावरून शेकडो फेऱ्या मारल्यात. त्या रात्री आईने त्यांना तीनदा फोन केला, ते घरीच आहेत हे माहीत असूनही.

दुसऱ्या दिवशी मामा एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे मोटर तुझ्याकडंच." मग जरा थांबून, "आन् जाकिटं कितीला मिळत्यात, त्ये बघ मोबाइलवर."

सील बसवलं, नवं तेल भरलं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात धरण भरत आलं तेव्हा मी मोटर आणि चार लाइफ जॅकेट घेऊन गेलो. दोरी पाचव्यांदा ओढल्यावर ती लागली. मामांनी दहा मिनिटं चालवून बंद केली आणि पाण्यात उभं राहूनच मला खालचा स्क्रू उघडायला लावला. तेल स्वच्छ होतं. मामींचं गंठण अजून बँकेत आहे.