एकट्याची पृथ्वीप्रदक्षिणा

श्रोतेहो, ज्या लातूर शहराला २०१६ सालीं पिण्याचें पाणी मिरजेहून आगगाडीनें पुरवावें लागलें, त्या भागांतील एका निवृत्त शिक्षकानें महासागरावर बोलावें, याचें कित्येकांस नवल वाटेल. परंतु मराठवाड्याचा आणि समुद्राचा संबंध वाटतो तितका दूरचा नाहीं. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नामक सागरी मार्गदर्शिकेंत पैठण आणि तगर या दोन नगरांचा उल्लेख आहे. तगर म्हणजे लातूरच्या शेजारचें तेर. तेथील कापड गाड्यांत भरून, धड वाटा नसलेल्या मुलखांतून भडोच बंदरास जात असे आणि तेथून गलबतांनीं पश्चिमेकडील देशांस. आमच्या कोष्ट्यांचा माल याप्रमाणें समुद्र ओलांडीत होता. कोष्टी मात्र मागाशींच बसून होता.

माल जावा आणि माणूस राहावा, हा प्रकार आपल्या इतिहासांत पुढेंही आढळतो. त्याचें खापर नेहमीं सिंधुबंदीच्या शास्त्रवचनावर फोडण्यांत येतें. तें सर्वस्वीं खरें नव्हे. कोंकणांतील कोळी, भंडारी, गाबीत यांना समुद्राची भीति कधींच नव्हती. शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं सिंधुदुर्गाची उभारणी आरंभिली, आणि पुढें कान्होजी आंग्र्यांनीं परकीय आरमारांस सळो कीं पळो करून सोडलें. तथापि तें आरमार किनाऱ्याच्या रक्षणाकरितां होतें. क्षितिजापलीकडे काय आहे हें पाहावयास जाण्याचें प्रयोजन त्याला नव्हतें.

आतां एकट्यानें शिडाच्या नौकेंतून पृथ्वीप्रदक्षिणा करणें म्हणजे काय, तें पाहूं. जेथून निघावयाचें तेथेंच परत यावयाचें, सर्व रेखावृत्तें ओलांडावयाचीं, विषुववृत्तही ओलांडावयाचें, आणि निदान २१,६०० सागरी मैल तोडावयाचे. ही संख्या कोठून आली, हें शाळेंतील मुलगाही सांगूं शकेल. वर्तुळाचे अंश ३६०, प्रत्येक अंशाच्या कला ६०, आणि एका कलेचें अंतर म्हणजे एक सागरी मैल. त्यांचा गुणाकार २१,६००. शिवाय सुएझ किंवा पनामा यांसारखा कालवा वर्ज्य. ऑस्ट्रेलियाचें ल्यूविन, दक्षिण अमेरिकेचें हॉर्न आणि आफ्रिकेचें गुड होप, अशीं तिन्ही भूशिरें वळसा घालून जावयाचें. दक्षिणेकडील चाळीस अंशांपलीकडे पश्चिमेचे वारे अडविणारी जमीन जवळजवळ नसल्यामुळें ते अखंड घोंगावत असतात आणि लाटा पर्वतप्राय होतात. या वाऱ्यांचा लाभ घ्यावयाचा म्हणून नाविक पूर्वेकडे तोंड करून निघतो. झोंप मिळते ती तुकड्यातुकड्यांनीं. त्या अवधींत वाऱ्याच्या रोखानें नौका चालविणारें यंत्र सुकाणू सांभाळतें.

एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करणें प्रथम साधलें तें जोशुआ स्लोकम यास. वाफेच्या जहाजांनीं शिडांचा व्यवसाय बुडविल्यावर या कप्तानानें एक जीर्ण नौका स्वतःच्या हातांनीं नव्यानें बांधिली आणि १८९५ सालीं बोस्टनहून निघून १८९८ सालीं तो परतला. कोठेंही न थांबतां ही प्रदक्षिणा प्रथम केली ती रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन या इंग्रजानें. १४ जून १९६८ रोजीं तो फॅल्मथ बंदरांतून निघाला आणि ३१२ दिवसांनीं, २२ एप्रिल १९६९ रोजीं, तेथेंच परत आला. श्रोतेहो, त्याची 'सुहेली' ही ३२ फुटी नौका कोठें बांधिली होती? आपल्या मुंबईंत, सागवानी लाकडाची, आपल्याच सुतारांच्या हातची! ज्या वर्षीं तिनें जगाला चकित केलें, त्या वर्षींही आमच्यापैकीं कोणी तशा प्रवासास निघालेला नव्हता. तेरच्या कापडाचीच ही पुनरावृत्ति नव्हे काय?

ही उणीव ज्यांना बोंचली, त्यांत व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी अग्रगण्य होत. १९७१ च्या युद्धांत वीरचक्र मिळविलेले हे दर्यावर्दी निवृत्तीनंतर सातारा जिल्ह्यांतील विंचुर्णी या गांवीं, म्हणजे समुद्रापासून दूर, राहिले. परंतु भारतीयानें एकट्यानें पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा ध्यास त्यांनीं सोडला नाहीं. २००६ सालीं नौदलांतील कमांडर दिलीप दोंदे यांनीं हें काम अंगावर घेतलें. दोंद्यांनीं नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे जाऊन धडेही घेतले. नौकेचा आराखडा डच होता. पण बांधणी गोव्यांत, मांडवींतील दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यांत झाली. असें काम त्यांनीं पूर्वीं केलेलें नव्हतें. लांकूड आणि कांचतंतू यांची ती ५६ फुटी नौका २००९ च्या फेब्रुवारींत नौदलांत दाखल झाली. तिचें नांव 'म्हादेई'. मांडवीचेंच हें दुसरें नांव.

१९ ऑगस्ट २००९ रोजीं दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनले आणि केप टाउन, असे चारच मुक्काम. न्यूझीलंड सोडल्यावर वाररेषा ओलांडतांना एकच तारीख दोनदां भोगावी लागते. १५२२ सालीं मॅगेलनचे उरलेले सोबती उलट दिशेनें आले असतां त्यांच्या रोजनिशींत बुधवार आणि किनाऱ्यावर गुरुवार निघाला होता, तो याच नियमाचा दुसरा पैलू. केप हॉर्न मागें टाकून २०१० च्या मे महिन्यांत, नऊ महिन्यांनीं, दोंदे मुंबईस पोंचले. असा प्रवास एकट्यानें पुरा करणारे ते पहिले भारतीय होत. त्यानंतर त्याच नौकेंतून अभिलाष टॉमी यांनीं २०१२-१३ सालीं कोठेंही न थांबतां ही प्रदक्षिणा केली, आणि २०१७-१८ सालीं नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनीं 'तारिणी' नौकेंतून जगाला वळसा घातला.

यावरून एक विचार सुचतो. दोंदे नऊ महिन्यांच्या सफरीस निघाले, त्यापूर्वीं तीन वर्षें तयारींत गेलीं होतीं. एकट्या माणसाच्या या पराक्रमामागें एका वृद्धाचा हट्ट, एका कारागिराची हिंमत आणि एका परदेशी गुरूची शिकवण उभी आहे. मुंबईच्या सुतारांपाशीं कसब पूर्वींही होतें. उणीव होती ती कसब, विद्या आणि इच्छा यांना एकत्र आणणाऱ्या माणसाची. ती भरून निघतांच चाळीस वर्षांचा खंड तीन वर्षांत संपला, आणि एकामागून दुसरा निघण्यास विलंब लागला नाहीं.

नांदेड-लातूरकडील मुलांनीं समुद्र पाहिलेला असो वा नसो, त्यांच्यासमोर पृथ्वीचा गोल ठेवून हा मार्ग त्यांच्याकडून बोटानें गिरवून घ्यावा, अशी माझी पालकांस विनंति आहे. तेरहून भडोचपर्यंतची वाटही त्यांना अवश्य दाखवावी. त्या वाटेनें आमचें कापड गेलें होतें. पुढील वाटेनें त्यांनीं स्वतः जावें.