झिजलेला ‘एक’

‘आय सॉ डॉग’ असे मुलाने लिहिले, की आम्ही शिक्षक तांबड्या शाईने मध्ये ‘ए’ घालतो. ‘सर, मराठीत कुठे लागतो?’ असे मूल विचारते. याचे उत्तर व्याकरणापेक्षा इतिहासात सापडते.

इ. स. ८९९मध्ये वारलेल्या आल्फ्रेड राजाच्या काळी इंग्रजीतही हे उपपद रूढ नव्हते. ‘आन’ म्हणजे ‘एक’ ही संख्या. पुढे संख्येचा जोर ओसरला, उच्चार झिजला. बाराव्या शतकाच्या सुमारास व्यंजनापुढचा ‘न’ गळू लागला आणि ‘ए’ उरला. स्वरापुढे ‘न’ नव्याने लागत नाही. तेथे तो टिकून राहिला आहे. या ‘न’ने खुद्द इंग्रजांनाही चकवले. ‘ए नॅप्रन’चे ‘ॲन एप्रन’ झाले, ते त्यामुळेच.

मुळात ‘एक’ असल्यामुळेच हा शब्द अनेकवचनापुढे बसत नाही. आपल्या ‘एक राजा होता’ मधला ‘एक’ही राजे मोजण्यासाठी नसतो. फरक एवढाच, की मोजता येणाऱ्या एकवचनी नामापुढे इंग्रजीने तो बहुधा सक्तीचा केला.

चूक सुधारावीच, पण मुलाला हेही सांगावे, की हजार वर्षांपूर्वी ती चूक नव्हती.