धूळघाटाचा ‘चारचा आकडा’ : अकोटवरून खंडव्याला जाणारी मीटरगेज

आजचा धागा एका अशा लोहमार्गाविषयी आहे, जिथे आगगाडी स्वतःच्याच रुळांवरून पूल ओलांडून जात असे. दार्जिलिंगचा बतासिया लूप चित्रपटांमुळे सर्वांना ठाऊक आहे. स्वित्झर्लंडमधील ब्रुझिओचा गोल पूलही छायाचित्रांमधून पाहिलेला असतो. परंतु तसेच एक वळण आपल्या मेळघाटात, अकोटच्या उत्तरेस, सागवानाच्या जंगलात आहे आणि अवघ्या काही वर्षांपूर्वीपर्यंत सर्वसाधारण पॅसेंजरच्या तिकिटात ते अनुभवता येत असे, हे आज वऱ्हाडातल्याच कित्येक तरुणांना माहीत नसते.

प्रथम भूगोल पाहू, कारण या मार्गाचा सारा इतिहास त्यातच दडलेला आहे. अकोला आणि खंडवा ही दोन्ही शहरे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मुख्य मार्गांवर आली ती १८६० च्या दशकात. एक भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या फाट्यावर, दुसरे इटारसी-जबलपूरकडे जाणाऱ्या फाट्यावर. नकाशात ही दोन शहरे जवळ दिसतात. पण मध्ये सातपुड्याची गाविलगड रांग आडवी पडलेली आहे. तिच्या दक्षिणेस पूर्णेचे काळ्या मातीचे खोरे, उत्तरेस तापीचे खोरे. अकोल्याहून खंडव्यास जायचे तर भुसावळपर्यंत पश्चिमेस जाऊन पुन्हा ईशान्येस वळावे लागे. डोंगर थेट ओलांडण्याचे काम जवळपास शंभर वर्षे कोणी हाती घेतले नाही.

इंग्रजांना त्याची निकडही नव्हती. त्यांना वऱ्हाडचा कापूस हवा होता आणि तो मुंबईस न्यायचा होता. रेल्वे येण्यापूर्वी हाच कापूस बैलांच्या पाठीवर लादून बंजाऱ्यांचे तांडे सुमारे ५०० मैलांवरील मिर्झापूरला, गंगेच्या काठी नेत असत. पावसात सापडलेला बैल ओल्या कापसाच्या ओझ्याने वाटेतच बसे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस आटला आणि वऱ्हाडाचे भाग्य म्हणा अथवा दुर्भाग्य म्हणा, पालटले. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. अकोटचा कापूस मात्र तेव्हाही गाड्यांतूनच अकोल्यापर्यंत जाई. एवढी मोठी बाजारपेठ असूनही अकोटला रूळ नव्हता. पुढे मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळकडे शकुंतला रेल्वेचे अरुंद रूळ पडले, तेही कापसासाठीच, पण अकोट त्यांच्याही वाटेवर नव्हते.

आता मीटरगेजकडे वळू. १८७० च्या सुमारास लॉर्ड मेयो यांच्या सरकारने खर्च वाचवण्यासाठी साडेपाच फुटी रुळांऐवजी अरुंद रुळांचा पुरस्कार केला. त्या काळी हिंदुस्थानात दशमान मापे आणण्याचा विचार चालू होता, म्हणून रुंदी थेट एक मीटर ठरली. मापे आली ती स्वातंत्र्यानंतर. रूळ मात्र तेव्हाच आले! महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी खंडवा-इंदूर मार्गासाठी १ कोटी रुपयांचे कर्ज १०१ वर्षांच्या मुदतीने, साडेचार टक्के व्याजाने दिले. एका मराठी संस्थानिकाने इंग्रज सरकारला दिलेले हे कर्ज म्हणजे स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. १८७८ पर्यंत तो मार्ग पूर्ण झाला आणि पुढे अजमेरपर्यंत जोडला गेला. अशा रीतीने खंडवा हे उत्तरेकडील मीटरगेजच्या जाळ्याचे दक्षिण टोक बनले.

दक्षिणेकडे निजामाच्या राज्यात दुसरे जाळे वाढत होते. मनमाड-सिकंदराबाद मार्गावरील पूर्णा स्थानकातून १९१२ मध्ये हिंगोलीपर्यंत फाटा गेला आणि तिथेच थांबला. राजस्थानातून निघालेला मीटरगेजचा डबा खंडव्यापर्यंत येई. रामेश्वरहून निघालेला डबा हिंगोलीपर्यंत जाऊ शके. मधले अंतर सुमारे तीनशे किलोमीटर. या दोन टोकांमध्ये माल उतरवायचा, मोठ्या गाडीत चढवायचा, पुन्हा उतरवायचा. हमालांची रांग आणि फुटलेली पोती.

हे अंतर भरून काढले ते स्वतंत्र भारताच्या रेल्वेने, स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दीड दशकात. हिंगोली, वाशीम, अकोला, अकोट, आणि मग मेळघाट ओलांडून खंडवा. लोक सर्रास म्हणतात, ‘इंग्रजांनी बांधलेली घाटातली रेल्वे’. ते चूक आहे. धूळघाटाचे वळण भारतीय अभियंत्यांचे, नियोजनाच्या काळातले काम आहे. माझ्या मते ती दुरुस्ती प्रत्येक छायाचित्राखाली आवर्जून करावी.

आता प्रत्यक्ष प्रवासाला निघू. अकोला ते खंडवा सुमारे १७५ किलोमीटर. अकोला सोडल्यावर उगवे, मग गांधी स्मारक रोड. या नावावर थोडे थांबावे लागेल. येथून जवळ पूर्णेच्या काठी गांधीग्राम आहे. १९४८ मध्ये महात्मा गांधींच्या अस्थींचा काही अंश येथे पूर्णेत विसर्जित झाला, म्हणून हे नाव. ज्या माणसाने तिसऱ्या वर्गाच्या डब्यातील हालांवर १९१७ मध्ये स्वतंत्र निबंध लिहिला, त्याच्या नावाचे स्थानक पॅसेंजरच्या मार्गावर असावे, यात मला नेहमीच एक औचित्य वाटत आले आहे. पूर्णा ओलांडली की पाटसूल, आणि ४४ किलोमीटरवर अकोट.

अकोटच्या पुढचे स्थानक अडगाव. खिडकीतून पाहाल तर कापूस, संत्र्याच्या बागा आणि दूर उत्तरेस निळसर डोंगररेषा. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र येथे पुस्तक मिटून बाहेर पाहावे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी याच शिवारात नागपूरकर रघुजी भोसले (दुसरे) यांची फौज आणि आर्थर वेलस्ली यांची लढाई झाली. इंग्रजी पुस्तकांतील ‘अरगाम’ ते हेच. वेलस्लीची फौज दिवसभर चालून दुपारी उशिरा येथे पोहोचली. मराठ्यांच्या तोफांचा मारा सुरू होताच त्याच्या काही पलटणी फुटून मागे पळाल्या. त्याने त्या स्वतः जाऊन सावरल्या. सूर्यास्तापर्यंत लढाईचा निकाल लागला आणि पाठलाग चांदण्यात चालला. पुढे १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. त्या तहात वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला. नरनाळा आणि गाविलगड मात्र त्यांच्याकडे राहिले, आणि त्या किल्ल्यांखालचा अकोट-अडगावचा मुलूखही. म्हणजे अडगावची लढाई हरूनही अडगाव काही वर्षे नागपूरकरांचेच राहिले. बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव करणारा तो हाच वेलस्ली. एवढ्या घटनेच्या जागी पॅसेंजर दोन मिनिटे थांबे आणि निघून जाई.

हिवरखेडनंतर डोंगर जवळ येतात. वान रोड स्थानकापाशी वान नदीचे खोरे आणि जंगल सुरू होते. येथून धूळघाटपर्यंत गाडीला थोड्या अंतरात बरीच उंची गाठायची असते. डोंगरी रेल्वेपुढे अशा वेळी मोजकेच पर्याय असतात: बोगदा खणावा, खंडाळ्याच्या जुन्या घाटासारखी गाडी उलट दिशेने काढावी, दातेरी रूळ घालावा किंवा मार्ग लांबवावा. चढ तोच; पण तो अधिक लांबीवर पसरला की इंजिनाला झेपतो. मग मार्ग लांबवायचा, तर जागा कुठे? अभियंत्यांनी टेकडीभोवती पूर्ण फेरी घातली. गाडी आधी पुलाखालून जाते, डावी-उजवीकडे वळत वर चढते, आणि थोड्या वेळाने त्याच पुलावरून, आपणच मागे टाकलेला रूळ खाली पाहत पुढे जाते. वरून पाहिल्यास रुळांची आकृती मराठी चारसारखी दिसते, म्हणून स्थानिक नाव ‘चारचा आकडा’. ‘स्पायरल’ या तांत्रिक शब्दापेक्षा हे नाव मला अधिक अचूक वाटते.

ब्रुझिओचे १९०८ मधील वळण उघड्या माळावर आहे, एका नजरेत मावते. धूळघाटाचे तसे नाही. श्रावणात येथे हिरव्या पडद्याखेरीज काही दिसत नसे. माघ-फाल्गुनात सागाची पाने झडली की झाडांच्या खोडांमधून खालचा रूळ दिसे. जाणते प्रवासी वळणाच्या आतल्या बाजूची खिडकी अकोटपासूनच धरून बसत. पूल जवळ आला की डब्यातील सगळी पोरे त्या बाजूस धावत आणि कोणीतरी वडीलधारे ‘अबे, गाडी कलंडन ना!’ म्हणून ओरडत. गाडी अर्थातच कधी कलंडली नाही.

पुढे धूळघाट, डाबका. मग मध्य प्रदेशाची हद्द, तुकईथड, तापीचे खोरे, आमला खुर्द आणि खंडवा. सुरुवातीला वायपी-वायजी जातीची वाफेची इंजिने, नंतर डिझेलची वायडीएम-४. याच मार्गावरून राजस्थान आणि हैदराबाद यांना जोडणारी मीनाक्षी एक्सप्रेस धावे. अजमेर, चित्तोड, रतलाम, महू, खंडवा, अकोट, अकोला, पूर्णा, निजामाबाद, काचीगुडा. अरवली, माळव्याचे पठार, पाताळपाणीचा घाट, नर्मदा, मेळघाट आणि गोदावरी एका गाडीतून, एका तिकिटावर. आज विमानाच्या भाड्याइतके पैसे मोजूनही हा क्रम कोणी विकत देऊ शकत नाही.

स्वस्त प्रवासाची कला त्या काळच्या प्रवाशांना चांगली अवगत होती. रेल्वेचे भाडे अंतरासोबत वाढते, पण प्रत्येक पुढच्या किलोमीटरला थोडे कमी लागते. म्हणून चार छोट्या तिकिटांपेक्षा एक लांब तिकीट स्वस्त पडते. ५०० किलोमीटरपुढे वाटेत दोन दिवस उतरण्याची मुभा असते. निघाल्या स्थानकीच परत यायचे असेल तर चक्राकार प्रवासाचे तिकीट निघते, आणि त्यावर आठ ठिकाणी उतरता येते. हे नियम आजही आहेत; पण भ्रमणध्वनीवर तिकीट काढणाऱ्या पिढीला ते दिसत नाहीत, कारण चक्राकार तिकिटासाठी मार्ग कागदावर लिहून रेल्वेच्या कार्यालयात जावे लागते. तेवढे कष्ट घ्या. वेळापत्रक समोर ठेवून मार्ग आखण्यात अर्धा प्रवास होऊन जातो.

१९९२ मध्ये एकच गेज करण्याचे धोरण आले आणि या मार्गाचे आयुष्य ठरले. पूर्णा-अकोला २००८ मध्ये रुंद झाला. उत्तरेकडे रतलाम-इंदूर-महूचेही तेच झाले. मधला तुकडा काही वर्षे एकाकी धावत राहिला. १ जानेवारी २०१७ पासून अकोल्याहून खंडव्याकडे जाणारी मीटरगेज बंद झाली.

आणि खरा वाद तेथून सुरू झाला. मेळघाट १९७३-७४ मध्येच व्याघ्र प्रकल्पात आला होता. देशातील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी तो एक. जुना मार्ग या प्रकल्पातून जवळपास ३९ किलोमीटर जातो. दिवसातून मोजक्या वेळा रेंगाळत जाणारी छोटी गाडी वेगळी आणि रात्रंदिवस वेगाने धावणाऱ्या मालगाड्या वेगळ्या. वन्यजीव अभ्यासकांनी मार्ग बाहेरून न्यावा अशी मागणी केली: हिवरखेड, सोनाळा, जामोद, खकनार, तुकईथड. तो सुमारे ३० किलोमीटर लांब पडतो. २०२१ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीही केंद्राकडे याच पर्यायाचा आग्रह धरला. दुसरी बाजू म्हणते की रूळ आधीपासूनच आहे, खर्च आणि वेळ वाचेल, अकोटच्या शेतमालाला उत्तरेची बाजारपेठ मिळेल. ही बाजू पोकळ नाही. अकोटने रुळाची वाट एकदा शंभर वर्षे पाहिली आहे.

तरीही माझे मत स्पष्ट आहे. वाघासाठी याच जंगलातील कोरकूंची गावे उठवून अकोट-तेल्हाऱ्याच्या मैदानात आणून बसवली गेली. त्यांना ‘येथे माणूस नको’ असे सांगितल्यानंतर त्याच जागी मालगाड्या सोडणे न्यायाचे होणार नाही. शिवाय रुंद गाडीला हे तीव्र वळण जसेच्या तसे चालणार नाही. म्हणजे जुन्या मार्गाचा हट्ट धरणाऱ्यांच्या हातूनच चारचा आकडा पुसला जाईल. बाहेरच्या मार्गाने सोनाळा-जामोदलाही रेल्वे मिळेल आणि धूळघाटचा पूल जंगलात आपल्या जागी राहील.

दरम्यान अकोटपर्यंतचा टप्पा पुन्हा जिवंत झाला आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये गांधीग्रामचा पूर्णेवरील जुना रस्तापूल तडे गेल्याने बंद पडला, अकोट-अकोला वाहतूक खोळंबली आणि नोव्हेंबरमध्ये रुंद रुळांवरून अकोला-अकोट गाडी सुरू झाली. एका पुलाने माघार घेतली तेव्हा दुसऱ्याची आठवण झाली, असेच म्हणायचे.

ज्यांना जावेसे वाटेल त्यांनी थंडीत निघावे. अकोल्याहून अकोट गाडीने. सोबत भाकरी, ठेचा आणि अकोटच्या बाजारातली संत्री. दुसऱ्या दिवशी पहाटे शहानूरमार्गे नरनाळा चढावा. १४८७ मधील महाकाली दरवाजा पाहून तटावर यावे. दक्षिणेकडे अडगावचे शिवार पसरलेले असते. घाटातील मीटरगेजचा अनुभव हवाच असेल, तर महूजवळ पाताळपाणी-कालाकुंड हा तुकडा २०१८ पासून वारसा गाडी म्हणून जपला आहे. जाण्याआधी ती चालू आहे का, हे पाहून घ्यावे. वान रोडच्या पुढे रुळांवरून पायी जाण्याचा मोह मात्र आवरा. ते आता वाघाचे घर आहे आणि वनविभागाच्या परवानगीविना तेथे पाऊल टाकणे गुन्हा आहे.

आणि तुमच्या घरी कोणी मीनाक्षीने किंवा महू पॅसेंजरने हा घाट ओलांडला असेल, तर त्यांना साल, ऋतू आणि कोणत्या बाजूच्या खिडकीत बसले होते ते विचारून खाली लिहा. जुने पुठ्ठ्याचे तिकीट सापडले तर त्याचे छायाचित्रही टाका. पुढचा धागा होळकरांच्या त्या १ कोटीच्या कर्जावर.